दोनशे चव्वेचाळीस ग्रेन

अप्पांनी आयुष्यात एकही काडतूस बनवलेलं नाही. तरीही काडतूस कसं बनवावं या विषयात सोलापूर जिल्ह्यात त्यांचा हात धरणारा माणूस सापडायचा नाही. या विषयात पडलेला दुसरा माणूसच जिल्ह्यात नाही, असं काकू म्हणतात. पण काकूंचं मत अप्पा हिशेबात धरत नाहीत.

अप्पांकडे वडिलोपार्जित रायफल आहे. बर्मिंगहॅमच्या बीएसए कंपनीची, .३१५ बोअरची, अक्रोडी दस्त्याची. आजोबा अक्कलकोट संस्थानात कारकून होते. त्यांनी ती मुंबईहून मागवली, वडिलांनी ती सांभाळली आणि अप्पा ती मोजतात. नळीची लांबी, माशीची उंची, चाप ओढायला लागणारा जोर, सगळं मोजून झालंय. आता फक्त काडतुसाचं राहिलंय आणि तेच गेली पन्नास वर्षं राहिलंय.

घरी आलेल्या माणसाला पाणी मिळायच्या आत .३१५ चा इतिहास मिळतो. लष्कराची रायफल .३०३ ची. ती काडतुसं उद्या रयतेच्या बंदुकांत चालायला लागली तर काय घ्या, ही साहेबाला धास्ती. म्हणून हिंदुस्थानातल्या खाजगी शिकाऱ्यांसाठी लष्करापेक्षा वेगळा बोअर. बीएसएनं लष्करी ली-एनफिल्डच्याच सांगाड्यावर रायफल बांधली आणि तिच्यात काडतूस घातलं ते ऑस्ट्रियाच्या मानलिखरचं, आठ मिलिमीटरचं. "म्हणजे बघा की ओ," अप्पा म्हणतात, "भीती इंग्रजाला आपली, काडतूस ऑस्ट्रियाचं, रायफल बर्मिंगहॅमची आणि आज त्यात दारू भरणार खडकीच्या कारखान्यातला माणूस. आमच्या घरात एवढ्या देशांचं कधी पटलं नव्हतं."

पाहुणा तरीही उठला नाही तर १९०७ सुरू होतं. त्या साली सरकारनं हिंदुस्थानात .४५० बोअरवर बंदी घातली, तर विलायतेतल्या बंदूकवाल्यांनी .४७० आणि .४६५ अशी नवी काडतुसं काढून तेच वाघ आणि तेच हत्ती पुन्हा मारायला घेतले. हे सांगताना अप्पांच्या चेहऱ्यावर कौतुक असतं. वीस सहस्रांश इंचानं सरकार चुकवणारी माणसं त्यांना आपली वाटतात. स्वतः अप्पांनी सरकारला अर्ध्या सहस्रांशानंसुद्धा चुकवलेलं नाही.

या सगळ्याचं मूळ एका टिनाच्या पत्र्यात आहे. लग्नाच्या आधी, वडिलांच्या देखरेखीखाली, मोहोळकडच्या शेतात मातीच्या बांधाला पत्रा टेकवून अप्पांनी तीन गोळ्या झाडल्या. पहिल्या दोन एकमेकींना चिकटून लागल्या. तिसरी चार बोटं डावीकडे. वडील म्हणाले, "हात हलला." अप्पा म्हणाले, "काडतूस वेगळं होतं." बापलेकांत त्यानंतर इतर अनेक विषयांवर समेट झाला, यावर झाला नाही. पत्रा अजून दिवाणखान्यात टांगलेला आहे, आजोबांच्या तसबिरीच्या शेजारी. नवा माणूस दोघांनाही नमस्कार करतो.

दुसरा कुणी असता तर म्हणाला असता, तीनातल्या दोन लागल्या, बास झालं. पण अप्पा सूतगिरणीच्या टेस्टिंग खात्यात होते. ज्यांनी गिरणी आतून पाहिलेली नाही त्यांना हे सांगितलं पाहिजे की सुताचा काउंट डोळ्यांनी ठरत नाही, वजनानं ठरतो. १२० यार्ड सूत मोजून गुंडाळायचं. त्याला 'ली' म्हणायचं. ती ग्रेनच्या काट्यावर ठेवायची आणि जेवढे ग्रेन भरतील त्यांनी हजाराला भागायचं. ५० ग्रेन भरली तर वीसचा काउंट, २५ भरली तर चाळीसचा. अप्पांनी उमेदीची सगळी वर्षं हजाराला भागण्यात घालवली. आणि बंदुकीच्या जगात गोळी आणि दारू कशात मोजतात? ग्रेनमध्येच. खडकीच्या .३१५ ची गोळी २४४ ग्रेनची. ज्या दिवशी हे अप्पांना कळलं त्या दिवशी त्यांना, इतर लोकांना कुलदैवत कळल्यावर वाटतं तसं काहीतरी वाटलं असावं. गिरणी बंद पडली तेव्हा कामगार थकलेल्या पगाराच्या मागे लागले होते. अप्पा लिलावात भंगाराच्या ढिगातून ग्रेनचा काटा सोडवत होते.

आता मुद्द्याची अडचण. जुन्या रायफलीचा स्वभाव असतो. चाप ओढला की नळी थरथरते आणि त्या थरथरीच्या नेमक्या कुठल्या क्षणी गोळी तोंडातून बाहेर पडते यावर ती कुठे लागणार हे ठरतं. दारू जराशी कमीजास्त झाली, गोळी पुंगळीत केसभर आतबाहेर बसली, की तो क्षण हुकतो. म्हणून अमेरिकेत, युरोपात जुन्या रायफलींचे षोकीन कारखान्याचं काडतूस वापरतच नाहीत. उडालेली पुंगळी जपून ठेवायची, तिला पुन्हा आकार द्यायचा, नवी टोपी बसवायची, दारू तोलून भरायची, गोळी दाबायची. रायफलीला मानवेपर्यंत एकेक मात्रा बदलत जायचं. अप्पांकडे या विषयावरचं लायमन कंपनीचं जुनं पुस्तक आहे, पुण्याच्या रस्त्यावर मिळालेलं. गीतेला काकू जे कव्हर घालतात तेच कव्हर त्याला आहे.

पण आपल्याकडे १९५९ चा शस्त्र कायदा आहे आणि त्याचं पाचवं कलम आहे. परवान्याशिवाय काडतूस बनवता येत नाही. रायफल बाळगायचा परवाना वेगळा, काडतूस बनवायचा वेगळा, आणि हा दुसरा काही सेवानिवृत्त टेस्टिंगवाल्याला घरी काटा आहे म्हणून मिळत नाही. यावर कुणी म्हणेल, कुणाला कळतंय? अप्पांना कळतंय. रस्त्यावर चिटपाखरू नसताना लाल दिव्याला सायकल थांबवणारा हा माणूस. तेव्हा त्यांनी मधला मार्ग काढला. काडतुसं कागदावर बनवायची.

तीन लाल खतावण्या भरल्यात. आडवे रकाने: पुंगळी, टोपी, दारू, गोळी, हवा, शेरा. दर पानावर एक काडतूस आकाराला येतं, तपासलं जातं आणि नापास होतं. शेऱ्याचा रकाना वाचण्यासारखा आहे. 'मे महिन्यास योग्य नाही.' 'नळीचे वय पाहता जाचक.' 'ठीक, परंतु मनास पटत नाही.' एकाही काडतुसाला अजून पसंती मिळालेली नाही. मुलीचं लग्न अप्पांनी दुसऱ्या स्थळालाच होकार देऊन उरकलं होतं, हे काकू यावर आवर्जून सांगतात.

हवेचा रकाना हा खास सोलापुरी भाग. गिरणीत सूत तोलताना दमटपणा धरावा लागतो. कापूस हवेतलं पाणी पितो, त्याचं वजन हलतं, म्हणून टेस्टिंगच्या खोलीत आर्द्रता ६५ टक्क्यांवर ठेवायची. अप्पांनी तोच नियम दारूला लावला, फक्त तिथं प्रश्न उष्णतेचा. दारू तापली की दाब वाढतो, गोळी जास्त वेगानं सुटते, वर लागते. विलायती कंपन्यांना हे ठाऊक होतं. किनॉक कंपनी उष्ण देशांसाठी दारू कमी घालून वेगळी काडतुसं करायची. त्या काळची दारू म्हणजे कॉर्डाइट, पुंगळी उघडली तर आत शेवया भरल्यासारखी दिसणारी. "पण त्यांचा उष्ण देश म्हणजे कुठला?" अप्पा आवाज चढवतात. "त्यांनी सोलापूरचा मे महिना बघितला होता का? चव्वेचाळीस डिग्रीला इथं माणसाचा दाब वाढतो, तिथं दारूचं काय घेऊन बसलाव!"

परवान्यावर घेतलेली खडकीची वीस काडतुसं अप्पांकडे आहेत. पुंगळीच्या बुडावर 'केएफ'. खडकीचा कारखाना १८६९ चा. त्याच्याबद्दल अप्पांच्या मनात आदर आहे, पण विश्वास नाही. आपल्या काट्यावर त्यांनी वीसही काडतुसं तोलली, वजनांत चार ग्रेनपर्यंत फरक निघाला, आणि तिथून त्यांची झोप उडाली. हा फरक पितळेत आहे, शिशात आहे की दारूत? पितळेत असला तर बिघडत नाही. दारूत असला तर पत्र्यावरच्या तिसऱ्या भोकाचा पन्नास वर्षांचा खटला निकाली निघतो, तोही वडिलांच्या विरोधात. पण बघायचं तर काडतूस उघडावं लागेल आणि उघडायला मन धजत नाही. मग निदान काटा तरी बरोबर आहे का, याची खात्री करायला ते एका सराफाकडे गेले.

हा प्रसंग सोलापुरात पुष्कळ जण सांगतात, पण मी तिथं होतो. लग्नसराई, दुकान भरलेलं. अप्पा शांतपणे आत गेले, काउंटरवर लाल मखमलीचा तुकडा होता त्यावर खिशातून पाच काडतुसं काढून ओळीनं मांडली आणि म्हणाले, "शेठ, जरा तोलून बघता का?" वहिनी-मावश्या दाराकडे सरकल्या. दारावरचा रखवालदार आत यायच्या ऐवजी बाहेर गेला. सराफाचा हात टेबलाखालच्या बटणाकडे गेला होता. तेवढ्यात अप्पांनी परवाना काढून दाखवला, मग आधार कार्ड, मग गिरणीचं जुनं ओळखपत्र. सराफाला घाम फुटलेला. पण धंद्याची सवय जात नाही. त्यानं एक काडतूस उचलून उलटं केलं आणि विचारलं, "हॉलमार्क?"

"आहे की. केएफ."

मग मात्र दोघांचं जमलं. सराफाचा काटा मिलिग्रॅम दाखवणारा. अप्पा ग्रेन सांगणार, सराफ ग्रॅम करणार. २४४ ग्रेनची गोळी म्हणजे पावणेसोळा ग्रॅमच्या किंचित वर. "जुन्या मापात सांगा," सराफाचे वडील गादीवरून म्हणाले. तोळा १८० ग्रेनचा, मासा १५ चा, आठ गुंजांचा मासा. अप्पांनी डोळे मिटले आणि सांगितलं, "सव्वा तोळा, एक मासा, दोन गुंजा. पाव ग्रेनची चूकभूल." म्हाताऱ्यानं मान डोलावली. चार ग्रेनचा फरक म्हणजे पाव ग्रॅम, हे कळल्यावर तर सराफ कळवळला. "पाव ग्रॅम? अहो, पाव ग्रॅमला काय भाव आहे!" पन्नास वर्षांत अप्पांचं दुःख ज्याला नीट कळलं असा हा पहिला माणूस. आजही बाजारातून जाताना दोघं एकमेकांना दुरून हात करतात. काडतुसं मात्र पुन्हा न आणण्याच्या अटीवर.

शिकारीचं विचाराल तर अप्पांनी उंदीरही मारलेला नाही. वन्यजीव कायदा १९७२ चा. अप्पांचं शिकारीचं वय आणि तो एकदमच आले. नान्नजच्या माळावर ज्या पक्ष्यामागं एकेकाळी साहेबलोक घोड्यावरून हिंडायचे त्या माळढोकासाठी १९७९ मध्ये ८,४९६ चौरस किलोमीटरचं अभयारण्य जाहीर झालं. अप्पा दुर्बीण घेऊन तिथं जायचे. माळढोक दिसला की त्याचं अंतर अंदाजायचे, वाऱ्याची दिशा बघायचे, खतावणीत नोंद करायचे आणि त्याला नमस्कार करून परत यायचे. शिकारकथा त्यांनी सगळ्या वाचल्यात, पण वाघासाठी नाही. कॉर्बेटची .२७५ रिग्बी, अँडरसनची .४०५ विंचेस्टर, सगळं पाठ. तक्रार एकच. "माणूस वाघाच्या डोळ्यांवर चार पानं लिहितो. काडतूस कुठल्या लॉटचं, त्यावर एक ओळ नाही. याला काय लिखाण म्हणायचं?"

एकदा मात्र प्रत्यक्ष प्रसंग आला. हुरड्याचे दिवस, ज्वारी दाण्यावर आलेली, आणि ओळखीच्या एका शेतकऱ्याच्या रानात डुकरं शिरायला लागली. त्यानं वनखात्याकडून रीतसर परवानगी काढली आणि अप्पांना बोलावलं. अप्पांनी परवानगीचा कागद दोनदा वाचला, शिक्क्यावरची तारीख तपासली आणि मग तयारीला लागले. रायफल, दुर्बीण, थर्मामीटर, वारा बघायला काठीला बांधलेला सुताचा धागा (चाळीसचा काउंट) आणि खतावणी. मला पेट्रोमॅक्स धरायला नेलं होतं. मध्यरात्र टळली, मालदांडीत खसफस झाली. शेतकरी कुजबुजला, "अप्पा, आली." अप्पांनी रायफल उचलली नाही. त्यांनी बॅटरी लावली, थर्मामीटर बघितला आणि लिहायला घेतलं. आकडा लिहून होईपर्यंत डुकरं पलीकडच्या शिवेवर गेलेली होती.

"काय कराल्यात ओ अप्पा!"

"तेरा डिग्री. ही काडतुसं मी एकवीसला धरली होती. गोळी खाली लागली असती. जखमी जनावर रानात सोडायचं का?"

यावर शेतकऱ्याकडे उत्तर नव्हतं. पण त्या रात्री डुकरं परत आली नाहीत, दुसऱ्या रात्रीही बॅटरी बघून आली नाहीत. तेव्हापासून दर सुगीला अप्पांना त्या गावातून बोलावणं येतं. रायफल आणू नका, नुसतं बॅटरी लावून लिहीत बसा, असा निरोप असतो. अप्पा रायफल नेतातच. हुरडा, शेंगाची चटणी आणि गूळ मिळतो, हे त्यांच्या मते गौण आहे.

चटणीवरून आठवलं. काकू खलबत्त्यात चटणी कुटतात ती दर वेळी तशीच्या तशी होते, तिखट-मीठ हातानं टाकून. अप्पांना हे सहन होत नाही. त्यांनी एकदा काटा स्वयंपाकघरात आणून तिखट ग्रेनमध्ये तोलायचा आग्रह धरला होता. काकूंनी काटा बाहेर ठेवला आणि अप्पांनाही. काकूंचा खरा राग मात्र किटलीवरून आहे. जुन्या टोप्यांच्या धुरातून नळीत क्षार बसतात, त्यांनी लोखंड गंजतं, म्हणून गोळी झाडल्यावर नळीतून उकळतं पाणी ओतायचं, अशी जुनी लष्करी रीत. मग फुलतरू फिरवायचा, त्याला चिंधी, चिंधीला तेल. अप्पा गोळी झाडत नाहीत, पण दर दसऱ्याला पाणी ओततातच, आणि त्यासाठी त्यांना चहाची किटली लागते. नळीत बरोबर धार पडते म्हणे.

रायफलीचा खरा मुक्काम हल्ली पोलीस ठाण्यात असतो. निवडणूक लागली की परवान्याची शस्त्रं जमा करायची. २०२४ मध्ये तर मे महिन्यात लोकसभा, नोव्हेंबरात विधानसभा, आणि आमचे अप्पा दोन्ही वेळेला जमा करणाऱ्यांत पहिले. पहिल्या खेपेला ठाण्यात त्यांनी मुद्देमालाच्या खोलीची पाहणी केली, भिंतीला ओल आहे असं सांगितलं आणि हवालदाराला सूचनांचा कागद दिला. दस्ता जमिनीला टेकू नये. आठवड्याला एकदा तेलाची चिंधी. काडतुसं खिडकीजवळ नकोत, उन्हं येतात. हवालदारानं कागद वाचून विचारलं, "हिला दूध किती वाजता द्यायचं?"

विधानसभेच्या धामधुमीत टेक्सासहून पुतण्याचा व्हिडिओ कॉल आला. तो तिकडे संगणकात आहे आणि त्याला घराण्याचा वारसा नको तेवढा लागलेला आहे. त्यानं जुनी ७ बाय ५७ मॉझर विकत घेतली, म्हणजे कॉर्बेटच्या .२७५ चंच काडतूस. गॅरेजमध्ये दाबयंत्र बसवलं, दारूचे डबे आणले. आता दोनशे यार्डांवर गोळ्या वरखाली लागतायत, एका रेषेत, डावीउजवीकडे नाही. त्यानं सगळे उपाय करून बघितले होते.

अप्पा खुर्चीत ताठ बसले. असा प्रश्न विचारणारं माणूस जन्मात पहिल्यांदा भेटलं होतं.

"एका वेळी किती बदल केलेस?"

"म्हणजे काका, दारूही बदलली, आणि गोळी थोडी बाहेर घेतली, आणि..."

"मी काय विचारालोय, तू काय सांगालास? एका ली-ला दोन फरक केलेस तर काउंट कशानं बदलला ते कसं कळणार? सगळं पहिल्यासारखं कर. हवा कशी होती?"

"हवा? छान होती. ऊन होतं."

"काडतुसं कुठं होती?"

"डबा गाडीच्या बॉनेटवर ठेवला होता. एकेक काढून..."

अप्पांनी डोळे मिटून घेतले. सोलापूरच्या माणसाच्या घरात जन्म घेऊन पोरानं काडतुसं उन्हात ठेवली. "बॉनेट तापलेलं होतं. पहिलं काडतूस थंड, शेवटचं भाजलेलं. वेग कसा सारखा राहील? वरखालीच लागणार. सावलीत ठेव, आणि भरल्यावर नळीत ताटकळत ठेवू नकोस, तीही तापलेली असते. बाकी कशाला हात लावू नकोस."

पुढच्या रविवारी फोटो आला. दोनशे यार्ड, तीन भोकं, वर अमेरिकन नाणं ठेवलेलं. नाण्याच्या कडेबाहेर एकच भोक, तेही अर्धं. अप्पांनी फोटो काकूंना दाखवला, सराफाला पाठवला, आणि खतावणीत नव्या पानावर शेऱ्याच्या रकान्यात पहिल्यांदाच लिहिलं, 'पसंत.' रायफल आणि काडतुसं परगावची असल्यानं खाली कंसात तशी टीप.

निकाल लागल्यावर आम्ही ठाण्यात रायफल सोडवायला गेलो. हवालदार तोच. त्यानं रजिस्टर उघडलं, रायफलीचा नंबर ताडून पाहिला, डबा टेबलावर उपडा केला आणि काडतुसं मोजायला घेतली. मोजता मोजता म्हणाला, "अप्पा, खरं सांगा, राग मानू नका. हे एवढं तेलपाणी चाललंय वर्षानुवर्षं. लागते तरी का ओ ही?"

"लागते म्हणजे? परवाच लागली की. तीन गोळ्या, रुपयाएवढ्या जागेत."

हवालदाराचा हात थांबला. रायफल महिनाभर त्याच्या कुलपात होती. "कुठं?"

"टेक्सासला."

हवालदारानं पुन्हा पहिल्यापासून काडतुसं मोजली. वीस भरली. तेव्हा कुठे त्यानं सहीसाठी रजिस्टर पुढे सरकवलं.